चकली, कवळी आणि दोन खुंट्या

आमच्या घरी दिवाळीच्या चकल्यांची परीक्षा जिभेने होत नसे, कानाने होत असे. पहिला घाणा कढईतून निघाला की आमची आत्या त्यातली एक चकली उचली, कानाजवळ नेई आणि कटकन मोडी. आवाज मनासारखा आला तर "सोडा पुढचा घाणा" असा हुकूम सुटे. नाही आला तर पिठात आणखी मोहन पडे. आल्यागेल्याला या परीक्षेचे भारी कौतुक! आम्हीही ती गोष्ट हौसेने रंगवून सांगत असू. आत्या चकली खाऊन का पाहत नाही, हे मात्र कोणी विचारत नसे आणि आम्हीही सांगत नसू.

आत्याच्या तोंडात दात नव्हते. नऊ वर्षांपूर्वी उरलेसुरले चारदोन काढून टाकले आणि वर-खाली पूर्ण कवळी बसवली. वरची कवळी मुकाट्याने बसली. खालचीने मात्र पहिल्या दिवसापासून वैर धरले. बोलताना ती उचलली जाई, जेवताना सरके, तिच्याखाली शेवेचा एक कण गेला तरी डोळ्यांत पाणी येई. शेवटी ती कवळी ओट्याजवळच्या फळीवर, झाकणाच्या स्टीलच्या डबीत, पाण्यात राहू लागली. बाहेर जाताना आत्या ती घाली आणि जेवायला बसताना काढी. म्हणजे जी वस्तू खाण्यासाठी करून घेतली, ती नेमकी खाण्याच्या वेळीच डबीत!

आपल्या भाषेत दातांवर विनोद काही कमी नाहीत. चणे आहेत तर दात नाहीत, दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण आपण हसतहसत वापरतो. आजोबांचा विडा कुटण्याचा इवलासा खलबत्ता कित्येक घरांतून अजून शोभेला ठेवलेला असतो. पण बोळक्या तोंडाच्या माणसाचा दिवस कसा जातो, हे त्या खलबत्त्याकडे बघून कळत नाही. आत्या हळूहळू आमच्याआधी जेवून घेऊ लागली. "तुमचं होऊ दे सावकाश, मला आज भूक लवकर लागली," असे रोजच म्हणे. वरणभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, एवढेच तिचे जेवण. काकडी, शेंगदाणे, पेरू, मोडाची उसळ हे सारे बंद झाले. मग लग्नकार्यांना जाणे बंद झाले. एकतीस वर्षे तिने शाळेत मुलांना धडे वाचून दाखवले होते. पण एके दिवशी आमच्या चिरंजीवांना गोष्ट वाचून दाखवत असताना कवळी निसटली, कार्ट्याला हसू आवरले नाही, आणि आत्याने पुस्तक मिटले. पुन्हा ते उघडले नाही.

खालचाच जबडा का छळतो?

"आत्या, कवळी सवयीने बसते," असा उपदेश आम्ही तिला पुष्कळ केला. तो किती पोकळ होता, हे पुढे एका जाणत्या दंतवैद्यांनी समजावून सांगितले तेव्हा कळले.

वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. टाळू म्हणजे भलेमोठे, जवळजवळ न हलणारे छत. लाळेच्या पातळ थरामुळे कवळी त्याला चिकटून राहते. ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी. खालच्या जबड्याला असे छत नाही. तिथे घोड्याच्या नालाच्या आकाराची हिरडीची अरुंद पट्टी, मधोमध सतत वळवळणारी जीभ, बाहेरून गाल आणि ओठ. खालच्या कवळीला टेकायला मिळणारी जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी असते. त्यातून तोंड उघडले की जबडा हलतो तो खालचाच! म्हणजे पाया अरुंद, आणि तोही हलता.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. दाताच्या मुळाभोवतीचे हाड दातासाठीच असते. दात चावतो, मुळाला ताण पडतो, तो ताण हाडाला पोचतो आणि हाड शाबूत राहते. दात गेला की त्या हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचे हाड शरीर पोसत नाही. ते झिजू लागते. पहिल्या वर्षी झपाट्याने, मग सावकाश, पण थांबत मात्र नाही. आंत्ये टॅल्ग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षांची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध केली. तिच्यात असे दिसले की खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. म्हणून तर दहा वर्षांपूर्वी नेमकी बसलेली कवळी आज ढिली होते. गोष्टीच्या पुस्तकातल्या म्हातारीचे नाक आणि हनुवटी एकमेकांना भेटायला निघालेली असतात. चित्रकार ती गमतीने काढतो, पण ती झिजलेल्या जबड्याची हुबेहूब आकृती असते.

कवळी उत्तम बसली तरी तिच्या चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच. खाली हाडच उरले नसेल, तर तेवढाही नाही. यात सवयीचा प्रश्न थोडा आणि पायाचा फार. चिखलात रोवलेला खांब कितीही सरळ धरला, तरी तो हलायचाच.

सशाच्या पायात अडकलेली नळी

मग खांब हाडातच रोवला तर? ही कल्पना माणसाला फार पूर्वी सुचली होती. सोने, प्लॅटिनम, पोलाद असे नाना धातू लोकांनी जबड्यात ठोकून पाहिले. हाड बहुतेकांना परके मानी. धातूभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार होई, खुंटी हलू लागे, पू होई आणि काढावी लागे. यातून वाट सापडली ती मात्र दातांच्या दवाखान्यात नव्हे!

१९५२ सालची गोष्ट. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा २३ वर्षांचा संशोधक जिवंत हाडात रक्त कसे खेळते याचा अभ्यास करीत होता. सशाच्या पायाच्या हाडात त्याने टायटॅनियम धातूची एक बारीक नळी बसवली होती. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने आतले रक्ताभिसरण पाहायचे. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेला, तर ती निघेना. हाडाने धातूला असे काही कवेत घेतले होते की दोन्ही एकजीव झाल्यासारखे वाटावे. दुसरा एखादा चडफडला असता. ब्रोनेमार्कने विचारले, असे का झाले? पुढची तेरा वर्षे तो या एका प्रश्नाच्या मागे लागला. जनावरांच्या जबड्यांत टायटॅनियमचे मळसूत्री खिळे बसवून, त्यावर दात लावून त्याने खात्री करून घेतली.

या धातूचे मर्म त्याच्या पृष्ठभागावर आहे. हवा लागताच टायटॅनियमवर स्वतःच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा येतो. शरीराची त्याच्याशी कुरबूर होत नाही. हाडाच्या पेशी थेट त्याला येऊन भिडतात. या धातूचे नाव परके वाटले तरी त्याचे खनिज आपल्याला परके नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या किनाऱ्यांवर काळसर वाळूचे पट्टे दिसतात, त्यांतल्या इल्मेनाइट खनिजात टायटॅनियम असते. सुट्टीत आपण जी वाळू चपलांतून झटकतो, तिच्यात हा गुण दडला आहे!

१९६५ साली गोथेनबर्ग शहरात ब्रोनेमार्कने पहिल्या माणसावर हा उपचार केला. यॉस्ता लार्सन हे त्यांचे नाव. जन्मतःच टाळू दुभंगलेली, जबड्याची ठेवण बिघडलेली आणि खालच्या जबड्यात दात नाहीत. त्या खालच्या जबड्यात चार खुंट्या बसल्या, आणि त्यांच्यावर दातांची पंगत. लार्सन २००६ साली वारले. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या खुंट्यांनी त्यांची साथ सोडली नाही.

तरीही स्वीडनमधल्या दंतवैद्यकातल्या बड्या मंडळींनी ब्रोनेमार्कला बरीच वर्षे दाराबाहेर ठेवले. हा काही दंतवैद्य नव्हे, ह्याला जबड्यातले काय कळते, असा सूर होता. त्याचे उत्तर आकड्यांनी दिले. पंधरा वर्षांच्या रुग्णांचा हिशेब १९८१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा खालच्या जबड्यातल्या शंभरांतल्या एक्क्याण्णव खुंट्या पक्क्या होत्या. पुढच्या वर्षी, १९८२ साली, कॅनडातल्या टोरांटो शहरी भरलेल्या परिषदेत ही विद्या जगापुढे आली आणि मग सर्वत्र पसरली. ब्रोनेमार्क २०१४ साली निवर्तले. सशाच्या पायातून न निघालेली नळी लाखो माणसांच्या जेवणाच्या कामी आली.

"या वयात कशाला?"

हे सारे ऐकून आम्ही घरी आलो. आत्याला सांगितले. ती लगेच म्हणाली, "अरे, या वयात कशाला? चौऱ्याहत्तर झाली मला. आणखी किती दिवस चावायचंय? त्यापेक्षा ते पैसे पोराच्या शिक्षणाला ठेव."

कबूल करायला लाज वाटते, पण हे ऐकून मला मनातून सुटल्यासारखे झाले. खर्च कवळीच्या कितीतरी पट होता आणि नको म्हणणारी स्वतः आत्याच होती. मी दोनचार वेळा "बघ हं, विचार कर" असे म्हणालो आणि विषय संपवला. त्याच महिन्यात चिरंजीवांचे दात सरळ करण्यासाठी तारा बसवायच्या होत्या. तो खर्च करताना घरात कोणी चकार शब्द काढला नाही. पोराचे दात थोडे वाकडे होते. आत्याला दातच नव्हते.

हा हिशेब पत्नीने माझ्यापुढे मांडला. ती म्हणाली, "आत्या 'नको' म्हणतात ते त्यांना नको आहे म्हणून नाही. आपण 'हवं' म्हणत नाही म्हणून." त्यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांचे 'नको' आपण फार चटकन ऐकतो. त्यांचे 'हवे' ऐकायला मात्र त्यांनी दहादा सांगावे लागते.

दोन, चार की सहा?

पहिल्यांदा एका झगझगीत दवाखान्यात गेलो. तिथे पाच मिनिटांत सहा खुंट्यांचा आणि पक्क्या दातांचा आकडा कागदावर लिहून हाती दिला गेला. आत्याला साखरेचा विकार आहे, हे कोणी विचारलेही नाही. आकडा वाचून आत्या उठली आणि चपला घालू लागली.

दुसरीकडे गेलो ते वर सांगितलेले दंतवैद्य. त्यांनी आधी औषधांची यादी मागितली, मग जबड्याचे क्ष-किरण चित्र काढले आणि मग वाटा समजावल्या. वाचकांनाही त्या ठाऊक असाव्यात.

सर्वांत साधी वाट दोन खुंट्यांची. हनुवटीच्या बाजूला, जिथे पूर्वी सुळे होते तिथे, दोन खुंट्या. एकेकीची जाडी साधारण ४ मिलिमीटर आणि लांबी १० मिलिमीटरच्या आसपास. त्यांच्या डोक्यावर टिचबटणाचा एक भाग, कवळीच्या आत दुसरा. कवळी दाबली की 'टच' आवाज होऊन बसते. रात्री काढून धुता येते. म्हणजे कवळी तीच, पण आता तिला हाडाचा आधार. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन खुंट्यांवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा, नुसती कवळी नव्हे.

दुसरी वाट पक्क्या दातांची. चार, पाच किंवा सहा खुंट्या आणि त्यांवर स्क्रूने जखडलेली दातांची पंगत. ती फक्त दंतवैद्यच काढू शकतात. लिस्बनचे पाउलो मालो यांनी चार खुंट्यांची पद्धत रूढ केली. तिच्यात मागच्या दोन खुंट्या तिरप्या बसवतात. त्यालाही कारण आहे. खालच्या जबड्याच्या हाडातून एक मोठी नस जाते आणि उपदाढांच्या मुळांखालच्या छिद्रातून बाहेर पडते. तिला धक्का लागला तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होऊ शकते. दोन बाजूंच्या त्या दोन छिद्रांच्या मधला, हनुवटीकडचा भाग निर्धोक असतो, आणि तिथले हाड घट्टही असते. बाकी सारे झिजले तरी ते बरेचदा शिल्लक राहते. खालचा जबडा कवळीला जितका वाईट, तितका खुंटीला चांगला, असे डॉक्टर म्हणाले ते याचमुळे.

"पक्के दात उत्तमच," ते म्हणाले, "पण आजींना आधी काय हवंय ते विचारा." आत्या पटकन म्हणाली, "मला चारचौघांत बसून पोळीभाजी खायची आहे. आणि बोलताना ती उडता कामा नये." डॉक्टर हसले. म्हणाले, "मग दोन पुरतील."

आधी साखर, मग खुंटी

मात्र लगेच काही झाले नाही. आत्याच्या रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली होती. "आधी ही खाली आणा, मग या," असे सांगून त्यांनी परत पाठवले. हा नकार मला त्या पहिल्या दवाखान्यातल्या होकारापेक्षा मोलाचा वाटला. साखर आटोक्यात नसेल तर जखम नीट भरत नाही आणि हाड धातूला धरत नाही. तंबाखू, विडी-सिगारेट आणि मिश्रीचेही तसेच. जबड्याला कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शने चालू असतील, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. त्यांतल्या काहींमुळे जबड्याचे हाड बरे होण्यात मोठी अडचण येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर तीही सांगावी, पण आपल्या मनाने बंद करू नये. नुसते वय मात्र अडथळा ठरत नाही.

चार महिन्यांनी साखर जागेवर आली. जबडा बधिर करून तासाभरात दोन्ही खुंट्या बसल्या. छिद्र पाडताना थंड सलाइनची धार सतत चालू होती. हाड तापले तर त्याच्या पेशी मरतात; ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिले तरी इजा होते. म्हणून हे काम सावकाशीचे. दोनतीन दिवस गाल सुजला, बर्फ लावला, गोळ्या घेतल्या. "दात उपटण्यापेक्षा कमी दुखलं," असा आत्याचा निर्वाळा.

मग तीन महिने वाट पाहणे. हाडाने धातूला धरायला एवढा वेळ लागतो. काही ठिकाणी, हाड भक्कम असेल तर, त्याच दिवशी दात लावतात; पण ते प्रत्येकाला लागू नाही, आणि जाहिरात वाचून ठरवण्याची तर ती बाबच नव्हे. तीन महिन्यांनी टिचबटणे बसली.

खर्च एकदाच होतो आणि मग सुटका, असेही कोणी समजू नये. खुंटीला कीड लागत नाही, पण तिच्याभोवतीच्या हिरडीला सूज येते, आणि दुर्लक्ष केले तर हाड पुन्हा झिजते. शिवाय दाताला असते तशी जाणीव खुंटीला नसते, त्यामुळे बिघाड फार वाढेपर्यंत दुखतही नाही. रोज ब्रश, रात्री कवळी काढून धुणे आणि ठरलेल्या दिवशी तपासणी. बटणांमधल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या मधूनमधून बदलाव्या लागतात. शंभरांत काही खुंट्या धरतच नाहीत, हेही आधीच ऐकून ठेवावे.

आणि ज्यांचे थोडे दात अजून शिल्लक आहेत, त्यांनी निदान खालचे सुळे जिवाच्या कराराने जपावेत. नुसती मुळे राहिली तरी त्यांच्यावर कवळी टेकवता येते आणि भोवतीचे हाड टिकते. देवाने दिलेल्या खुंट्या फुकटच्या आहेत!

कानाची रजा

गेल्या दिवाळीत चकलीचा पहिला घाणा निघाला. सवयीने आम्ही सारे आत्याच्या कानाकडे पाहू लागलो. तिने चकली मोडली, पण कानाजवळ नेली नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या दातांनी तोडायची नव्हती. म्हणून लहानसा तुकडा केला, दाढेखाली ठेवला आणि चावला. कुरुम असा आवाज झाला. स्वयंपाकघरात कोणी बोलेना. आत्या बराच वेळ चावत राहिली. आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार, असे वाटून माझेच डोळे भरून आले.

तिने घास गिळला आणि कपाळाला आठी घातली.

"अरे, ही आतून मऊ आहे! वरून कुरकुरीत आणि आत गिच्च. आच मोठी ठेवता तुम्ही." मग आमच्याकडे एकेकाकडे पाहून म्हणाली, "गेली नऊ वर्षं अशीच होत होती का रे?"

आम्ही माना खाली घातल्या. होत होती. दर दिवाळीला आम्ही तिच्या कानाचे कौतुक करीत ती मुकाट्याने खात आलो होतो.

"एकानं तरी सांगायचं होतंत," आत्या म्हणाली, आणि आच कमी करून तिने सोऱ्या स्वतःच्या हातात घेतला.

त्या रात्री ती आमच्याबरोबर पानावर बसली. जेवणानंतर तिने चिरंजीवांना हाक मारली, फळीवरून ते जुने पुस्तक काढायला सांगितले आणि अर्धवट राहिलेले पान शोधले. फळीवरची ती स्टीलची डबी आता फक्त रात्री वापरली जाते.